वृद्धांचा निवारा आणि जिल्हा परिषदेची थैली

बियाणें, खतें, हळदीचा भाव आणि धरणांचें पाणी यांविषयीं आमच्या या मासिकांत मजकूर येतोच. आज ज्या विषयाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों तो शेतकीचा नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु ज्यांनीं ही शेती उभी केली त्यांच्या थकलेल्या वयाचा तो प्रश्न असल्यामुळें त्याला येथें जागा देणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजीं परभणींतून वेगळा निघाला. 2011 च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या 11 लाख 77 हजार भरली. साऱ्या महाराष्ट्रांत त्या वेळीं साठी ओलांडलेल्यांचें प्रमाण शेंकडा 10 च्या आसपास होतें. तेंच प्रमाण येथें धरलें तर आपल्या पांच तालुक्यांत तेव्हांच एक लाखाहून अधिक वृद्ध माणसें होतीं. आणि त्यानंतर तीं कमी झालीं नाहींत, हें सांगावयास नव्या खानेसुमारीची जरूर नाहीं.

दसरा-दिवाळी आटोपली कीं जिल्ह्यांतील कित्येक वाड्या-तांड्यांवरील धडधाकट माणसें ऊसतोडीला निघतात. मागें उरतात तीं म्हातारीं आणि शाळेंतलीं पोरें. बागायतदारांच्या घरची गोष्ट निराळी आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. मुलगा पुण्यास, मुलगी हैदराबादेस, आणि वीस एकरांचा धनी वाड्याच्या ओसरीवर एकटा, बटाईदाराच्या घरून येणाऱ्या भाकरीची वाट पाहत! अशा घरीं पैशाची उणीव नसते. रात्रीं तांब्याभर पाणी देणारा हात नसतो. आणि स्पष्टच बोलावयाचें तर कित्येक ठिकाणीं म्हातारीं माणसें वाड्याला कुलूप लावावें लागूं नये एवढ्यासाठींच ठेवलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

कायदा याबाबत मुका नाहीं. 2007 सालीं संसदेनें आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा केला. त्याच्या कलम 19 मध्यें राज्य सरकारांना टप्प्याटप्प्यानें, प्रथम प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, असे वृद्धाश्रम काढतां येतील व प्रत्येकांत किमान 150 निराधार वृद्धांची सोय असावी, असें म्हटलें आहे. ‘काढतां येतील’ म्हटलें, ‘काढलेच पाहिजेत’ असें म्हटलें नाहीं. आणि या एका शब्दाच्या आडोशाला पुष्कळांना स्वस्थ बसतां आलें. त्यापूर्वीं 1995 सालीं आपल्या राज्यानें स्वयंसेवी संस्थांमार्फत मातोश्री वृद्धाश्रमांची योजना हातीं घेतली होती. तेव्हां हिंगोलीला स्वतःचा जिल्हाच नव्हता.

आतां आमचें म्हणणें असें कीं, जिल्ह्याच्या गांवीं दीडशें खाटांची एक मोठी इमारत उभारणें हा आपल्या प्रश्नाचा उलगडा नव्हे. ज्याला घरच उरलें नाहीं त्याच्यासाठीं ती असावी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु औंढ्याच्या किंवा सेनगांवच्या बाजूच्या खेड्यांत सत्तर पावसाळे काढलेला माणूस हिंगोलीच्या इमारतींत नेऊन ठेवला तर त्याला वेळेवर अन्न मिळेल. पण पारावरची बैठक, एकादशीचें भजन, आणि आपल्या धुऱ्यावर यंदा कोणीं काय पेरलें ही पृच्छा, हें सर्व एका दिवसांत तुटेल. म्हातारपणीं झाड उपटून दुसरीकडे लावूं नये, हें शेतकऱ्यास आम्हीं शिकवावें असें नाहीं.

डेन्मार्कसारख्या धनाढ्य देशानेंहि 1987 सालीं कायदा करून मोठीं शुश्रूषालयें नव्यानें बांधणें थांबविलें, आणि तेथील स्थानिक संस्था वृद्धांसाठीं लहान स्वतंत्र घरें व घरपोंच मदत यांकडे वळल्या. तो देश फार दूरचा वाटत असेल तर केरळाकडे पाहावें. त्या राज्यानें 2008 सालीं जें धोरण आंखलें त्याप्रमाणें अंथरुणास खिळलेल्यांच्या घरीं जाणारी परिचारिका ग्रामपंचायतींच्या व्यवस्थेंतून मिळूं लागली. आणि वृद्धांनीं दिवसभर एकत्र बसावें, जेवावें व सायंकाळीं घरीं परतावें, अशीं दिवसाचीं घरेंहि तेथील स्थानिक संस्थांनीं चालविलीं आहेत. तेथील ग्रामपंचायती आपल्यापेक्षां मोठ्या व सधन आहेत खऱ्या. म्हणूनच आपल्याकडे हें काम एकट्या ग्रामपंचायतीवर न टाकतां जिल्हा परिषदेनें अंगावर घ्यावें, असें आम्ही म्हणतों.

आमची सूचना अशी आहे: बाजाराच्या प्रत्येक मोठ्या गांवीं, आरोग्य उपकेंद्राच्या जवळ, आठ-दहा खोल्यांचा एक निवारा असावा. प्रत्येकाची खोली स्वतंत्र, दाराला आंतून कडी, स्वयंपाक एकत्र, उंबरठा नाहीं, शौचकूप खोलीला लागून व त्यांत धरावयास दांडी. दिवसा एक व रात्रीं एक अशी देखरेख करणारी बाई किंवा गडी. आसपासच्या आठ-दहा खेड्यांतील माणूस तेथें राहिला तरी आठवड्याच्या बाजारीं त्याला आपल्या गांवचीं माणसें भेटतील, आणि मनांत आलें तर तो आपल्या शेतावर जाऊन संध्याकाळीं परत येईल.

येथें जिल्हा परिषदेची व आमची वाट जेथें फुटण्याचा संभव आहे ती गोष्ट सांगितली पाहिजे. स्थानिक संस्थांना भिंतींची फार हौस असते. भिंतीचें अंदाजपत्रक होतें, ठेका निघतो, कोनशिला बसते; देखरेख करणाऱ्या बाईच्या पगाराची कोनशिला बसत नाहीं. किती गांवांत समाजमंदिरें कुलपांत पडलीं आहेत व किती ठिकाणीं त्यांत कडबा भरलेला आहे, हें वाचकांनीं आपापल्या गांवीं पाहून घ्यावें. म्हणून आमचा आग्रह असा कीं, निदान दहा वर्षांच्या पगाराची व जेवणाची तजवीज आधीं झाल्यावांचून एकाहि निवाऱ्याचा पाया खणूं नये.

ही तजवीज आवाक्याबाहेरची आहे काय? आम्हीं ढोबळ अंदाज मांडला आहे. दोन माणसांचा पगार दरमहा 12 हजारांप्रमाणें 24 हजार. दहा जणांचें जेवण माणशीं रोज 60 रुपये धरून 18 हजार. दिवाबत्ती, पाणी, साबण व किरकोळ औषध 4 हजार. एकूण 46 हजार रुपये. आतां जमेची बाजू. श्रावणबाळ योजनेचें निवृत्तिवेतन 2023 सालीं दरमहा 1500 रुपये झालें. अशा सहा निराधारांनीं त्यांतील हजार-हजार दिले तर 6 हजार होतात. राहिलेले चौघे जमीनवाले. त्यांनीं किंवा त्यांच्या मुलांनीं माणशीं 5 हजार द्यावे, म्हणजे 20 हजार. तूट राहिली 20 हजारांची, वर्षाची 2 लाख 40 हजार. पांच तालुक्यांत प्रत्येकीं दोन असे दहा निवारे धरले तरी वर्षाला 24 लाख रुपये लागतील. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नांतून दिव्यांगांसाठीं शेंकडा 5 व महिला-बालकल्याणासाठीं शेंकडा 10 असा वाटा राखण्याचा शिरस्ता आहे. त्याच धर्तीवर वृद्धांच्या निवाऱ्यासाठीं कांहीं वाटा बांधून द्यावा, आणि त्यानेंहि न भागल्यास उरलेली तूट राज्य सरकारकडे मागावी.

‘घरचीं माणसें असतां वृद्धाश्रम म्हणजे कुळाला बट्टा,’ असा आक्षेप येईल, हें आम्ही जाणतों. लातूर जिल्हा परिषदेनें 2020 सालीं, आईबापांस न सांभाळणाऱ्या आपल्या नोकरांच्या पगारांतून शेंकडा 30 कापून ते पैसे आईबापांस द्यावे, असा ठराव केला. तो चांगलाच होता. पण पगारदाराचा पगार कापतां येतो, शेतकऱ्याच्या मुलाचें काय कापणार? आणि पैसे कापून रात्रीं उठून पाणी देणारें माणूस मिळत नाहीं. ज्या घरांत आईबाप उपाशी निजतात तेथें कुळाला बट्टा कधींच लागून गेलेला असतो. निवारा फक्त तो दाखवून देतो.

जमीनवाल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे, कारण निवाऱ्याचे पांच हजार कोठून यावयाचे याचें उत्तर सातबाऱ्यावर आहे. हयातींतच खातेफोड करून सर्व जमीन मुलांच्या नांवें करून देण्याची घाई आपल्याकडे फार. मग बाप आपल्याच विहिरीवर पाहुणा होतो. 2007 च्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणें, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट न पाळल्यास परत मिळण्याचा मार्ग आहे, व त्यासाठीं उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो. परंतु अट दस्तांतच लिहिलेली असेल तर दाद मागणें सोपें जातें. ज्यांना वांटणी करावयाचीच असेल त्यांनीं ती अट लिहून घ्यावी, आणि दोन एकर तरी शेवटपर्यंत आपल्या नांवें ठेवावे. बायकोचें नांव सातबाऱ्यावर चढविण्याचीहि हीच वेळ. लक्ष्मीमुक्तीची हांक शेतकरी संघटनेनें दिली त्याला तीन तपें होत आलीं. तरी विधवेच्या हातीं कागद नाहीं आणि म्हणून शब्दाला किंमत नाहीं, अशीं घरें आपल्या भागांत अजून पुष्कळ आहेत. निवाऱ्यांत येणाऱ्यांत अशा स्त्रियाच अधिक असतील, असा आमचा अंदाज आहे.

महाराष्ट्र दिनाची, स्वातंत्र्य दिनाची, गांधी जयंतीची व प्रजासत्ताक दिनाची अशा वर्षांतून चार ग्रामसभा ठरलेल्या आहेत. यांपैकीं जी प्रथम येईल तींत आपल्या गांवीं साठीवरील किती माणसें एकटीं राहतात याची यादी वाचून दाखवावी, व निवाऱ्याचा वाटा राखण्याची मागणी करणारा ठराव जिल्हा परिषदेकडे पाठवावा. त्याची एक प्रत आमच्याकडे आल्यास गांवाच्या नांवासह ती येथें छापण्यांत येईल.