मांडवाच्या कडेला बसून दाम मिळत नाही



विलायतेत दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात राजकीय पक्षांची अधिवेशने भरतात. पूर्वी ती ब्लॅकपूल, ब्रायटन, बोर्नमथ अशा समुद्रकाठच्या गावी भरत. अलीकडे मजूर पक्ष बहुधा लिव्हरपूलला जमतो आणि हुजूर पक्ष मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅमला. यातली दोन नावे कापूसवाल्याला परकी नाहीत. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईला जहाजात चढे आणि लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरे. मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांत त्याचे सूत होई. १८५७ साली त्या गिरणीवाल्यांनी 'कॉटन सप्लाय असोसिएशन' नावाची संस्था काढली आणि हिंदुस्थानात रस्ते करा, रेल्वे करा, कापूस लवकर व स्वस्त येऊ द्या, असा लकडा सरकारमागे लावला. आमच्या कापसाबद्दल तेव्हा बोलणी झाली ती गिरणीवाला आणि सरकार यांच्यात. पिकवणाऱ्याला कोणी विचारले नाही.

आज त्याच गावांत गरिबांविषयी, शेतीविषयी, भुकेविषयी बोलणी होतात. मंत्र्याशेजारच्या खुर्चीवर आता धर्मादाय संस्थेचा माणूस असतो. तो नफ्यासाठी आलेला नसतो. गिरणीवाला आणि तो यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण पिकवणारा आजही त्या खोलीत नसतो.

हे पुराण आपल्या बैठकीत कशाला, असे कोणी विचारील. कारण ही रीत आता इकडेही रुजली आहे. 'संवाद', 'सल्लामसलत', 'धोरण परिषद' अशा नावांनी निमंत्रणे येतात. आपल्यातल्या चार शिकलेल्या पोरांना हॉटेलातल्या खोलीत पुढाऱ्यासमोर बसवतात आणि 'शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकले' असे छापून येते. जायचे की नाही, हा प्रश्न आपल्याला सोडवायचा आहे. तेव्हा जिथे ही रीत मुरलेली आहे तिथला हिशेब आधी तपासू.

खोलीच्या आत काय चालते

अधिवेशनाचा मुख्य मांडव वेगळा. तिथे भाषणे होतात, ठराव होतात. त्याच्या अवतीभवती हॉटेलांच्या खोल्यांत सकाळच्या न्याहारीपासून रात्रीपर्यंत शेकडो छोट्या बैठका होतात. त्यांना 'फ्रिंज' म्हणतात. फ्रिंज म्हणजे कापडाच्या काठाला लोंबणाऱ्या दशा. खोलीचे भाडे असते, चहा-फराळाचा खर्च असतो, आत शिरायला पास लागतो. १९८४ साली ब्रायटनच्या हॉटेलात हुजूर पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी बॉम्बस्फोट होऊन पाच माणसे मेली. तेव्हापासून बंदोबस्त कडक आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण भाडे, पास आणि प्रवासखर्च या तीन चाळण्यांतून गाळून जो आत पोचतो, तो पगारी अधिकारी असतो.

एकाच रांगेत कंपन्या, व्यापारी संघ, कामगार संघटना आणि धर्मादाय संस्था आपापली दुकाने मांडतात. कित्येक बैठका 'चॅटहॅम हाऊस नियमा'ने चालतात. बोलणे बाहेर वापरा, पण ते कोण बोलले हे सांगू नका, असा तो नियम. मंत्र्याला मोकळे बोलता यावे हा हेतू. आपल्या गावच्या चावडीवर कोणी असा नियम काढला असता, तर म्हाताऱ्यांनी एकच प्रश्न विचारला असता : ज्याचे नाव सांगायचे नाही, त्याचा शब्द धरायचा कुणाकडे?

दुसरी गाठ कायद्याची आहे. विलायतेच्या कायद्याने नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला आपल्या उद्दिष्टासाठी कायदा बदला, धोरण बदला असे सांगता येते. पण कोणत्याही पक्षाला वा उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. म्हणून या संस्था सर्व पक्षांच्या अधिवेशनांना हजेरी लावतात. ज्याच्याकडे मत देण्याची धमकी नाही आणि मत काढून घेण्याचीही नाही, त्याच्याकडे पुढाऱ्यासमोर उरते काय? विनंती, आकडेवारी आणि ओळख.

ओळखीचे पीक किती आले

आकडेवारीला आम्ही कमी लेखत नाही. शेतकीची पदवी घेताना आम्ही आकडेच घोटले. पण पीक मोजायचे ते काट्यावर, फुले मोजून नव्हे.

२०१४ साली ब्रुक्स न्यूमार्क नावाचे गृहस्थ स्वयंसेवी संस्थांचे खाते सांभाळणारे मंत्री झाले. आल्याआल्या त्यांनी सांगितले की संस्थांनी राजकारणात पडू नये, आपले विणकाम करीत बसावे. २०१६ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारने जाहीर केले की सरकारी अनुदानाचा पैसा सरकारकडे धोरणाची मागणी करण्यासाठी वापरता येणार नाही. ओरड झाली, अट मागे पडली, मग सौम्य करून नवे नियम आले. पण इशारा पोचला. ज्याच्या ताटात जेवतो त्याला डाळ खारट आहे असे सांगायला जीभ जड होते. मोठ्या संस्थांपैकी बऱ्याच जणींच्या उत्पन्नात सरकारी पैसा असतो, हे विसरून चालणार नाही.

आता मोठा हिशेब. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांना मदत म्हणून द्यावी, ही तिथल्या संस्थांची जुनी मागणी. २०१५ साली तसा कायदाच झाला. सगळ्यांना वाटले, किल्ला सर झाला. २०२१ साली हुजूर सरकारने तो आकडा ०.५ वर आणला. २०२५ च्या फेब्रुवारीत मजूर पक्षाचे पंतप्रधान स्टार्मर यांनी जाहीर केले की २०२७ पर्यंत तो ०.३ वर आणू आणि वाचलेला पैसा संरक्षणाला देऊ. त्या खात्याच्या मंत्री ॲनेलिस डॉड्स यांनी राजीनामा दिला. संस्थांची उठबस ज्या खात्याशी, त्या खात्याच्या मंत्र्यालाच हा निर्णय थोपवता आला नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

मदतीच्या पैशाने देश सुधारतात असे आमचे मत नाही. इथे मुद्दा एवढाच की ज्यांनी आयुष्यभर हीच मागणी लावून धरली, त्यांच्या हातून ती निम्म्याहून खाली गेली. पानावर युरियाचा फवारा मारला की चार दिवस हिरवेपणा दिसतो. मुळाशी ओल नसली की पाचव्या दिवशी पान पुन्हा मान टाकते.

याच संस्थांचे दुसरे पीक पाहा. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅमला आठ बड्या राष्ट्रांची बैठक होती. गरीब देशांची कर्जे माफ करा म्हणत सुमारे ७० हजार माणसांनी हातात हात धरून साखळी केली. पुढच्याच वर्षी कोलोनच्या बैठकीत कर्जसवलत वाढवावी लागली. माणसे तीच, संस्थाही त्याच. फरक इतकाच की त्या दिवशी दार बाहेरून वाजत होते.

कापसाचा दाखला

आता आपल्या पिकाकडे येऊ. अमेरिकेचे सरकार आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देते, त्यामुळे जगात कापसाचा भाव पडतो आणि आफ्रिकेचा शेतकरी मरतो, हे विलायतेच्या ऑक्सफॅम संस्थेने २००२ साली अहवाल लिहून मांडले. अहवाल चांगला होता. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांनी २००३ साली जागतिक व्यापार संघटनेत कैफियत मांडली. जगभरच्या संस्था पाठीशी उभ्या राहिल्या. २००५ साली हाँगकाँगला आश्वासनांचा मजकूर हाती पडला. निर्यात अनुदान बंद करण्याची तारीख ठरली. पण भाव पाडणारे खरे अनुदान देशांतर्गत होते, आणि त्याच्याबद्दल नुसती गोड विशेषणे मिळाली.

त्याच २००२ साली ब्राझीलने दुसरी वाट धरली. त्याने तक्रार दाखल केली. २००४ ला निकाल लागला, २००५ ला अपिलातही तो टिकला. अमेरिका ढिम्म. मग ब्राझीलने तुमच्या मालावर जकात बसवतो असा दम भरला आणि तसा परवाना मिळवला. २०१० साली अमेरिका वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायला तयार झाली, आणि २०१४ साली ३० कोटी डॉलर देऊन तिने प्रकरण मिटवले. दुःख आफ्रिकेचे मोठे होते, बाजू दोघांचीही खरी होती. पैसे त्याला मिळाले ज्याच्या हाती काठी होती.

विलायतेच्या शेतकऱ्यांनाही हेच शिकावे लागले. तिथली राष्ट्रीय शेतकरी युनियन पक्षांच्या अधिवेशनांत आपल्या बैठका घेत असते. २०२४ च्या सप्टेंबरात लिव्हरपूलला मजूर पक्षाचे अधिवेशन झाले. पाच-सहा आठवड्यांत, ३० ऑक्टोबरला, अर्थसंकल्प आला आणि १० लाख पौंडांवरच्या शेतीला वारसाकर लागणार असे कळले. १९ नोव्हेंबरला हजारो शेतकरी लंडनच्या रस्त्यावर उतरले, पुढे ट्रॅक्टरही आले. वर्षभर रेटा राहिला. २०२५ च्या डिसेंबरात ती मर्यादा २५ लाख पौंडांवर न्यावी लागली. तो कर योग्य की अयोग्य हा वाद वेगळा आहे, त्यांची शेती आणि आपली कोरडवाहू यांची तुलनाही नाही. पण जे अधिवेशनातल्या खोल्यांत सुटले नाही, ते रस्त्यावर हलले.

आणि आपल्याकडे? २०२५ च्या ऑगस्टात, कापूस बोंडावर असताना, केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचा ११ टक्के कर उठवला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात यायच्या वेळेला. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर करायचा आणि त्याच हंगामात बंदराचे दार उघडायचे! गिरणीवाल्यांच्या संघटनांची ही मागणी जुनी होती. १८५७ ची गोष्ट संपलेली नाही, हे यावरून समजा.

मग जायचे की नाही?

संस्थांशी आमचे वैर नाही. दुष्काळात टँकर आणणारा, पोराला शाळेत घालणारा माणूस आम्हाला आपलाच वाटतो. पण आमच्या वतीने तडजोड करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? त्याचे विश्वस्त आम्ही निवडलेले नाहीत, आम्हाला ते काढताही येत नाहीत. तो पाच मागण्यांतल्या तीन सोडून आला, तर त्याचा पगार कापला जात नाही. आपल्या क्विंटलमागे मात्र कापला जातो. आयजीच्या जिवावर बायजी उदार होते ती अशी.

म्हणून आमचे म्हणणे असे. बोलावणे आले तर जावे, पण बैठकीने नेमलेल्या माणसाने जावे. एकट्याने जाऊ नये. तिकीट, मुक्काम आणि मानधन यजमानाचे घेऊ नये. वर्गणीतून होईल तेवढाच प्रवास करावा. मागणी कागदावर लिहून न्यावी आणि एकच न्यावी : भाव पाडणारी आयात व निर्यातबंदी यांचा खेळ बंद करा. कोण काय बोलले ते नावानिशी पुढच्या बैठकीत सांगावे. 'नाव सांगू नका' अशी अट असेल, तर पाणी पिऊन उठून यावे.

आणि मुख्य गोष्ट : आत जाणाऱ्याच्या पाठीमागे बाहेर माणसे हवीत. नागपूरच्या अधिवेशनात मोर्चा अडवतात आणि पाचजणांचे शिष्टमंडळ आत नेतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या पाचजणांचे वजन बाहेर बसलेल्यांच्या संख्येइतकेच असते. बाहेरचे घरी गेले की आतल्यांना फक्त चहा मिळतो.

खळ्यावर ज्वारीची रास पडली की तिच्याजवळ कुणीतरी रात्रभर जागते. शेजाऱ्याला सांगून कोणी घरी झोपायला जात नाही. भावाच्या राखणीलाही आपणच बसले पाहिजे. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने पाच नवी माणसे आणावीत. कोण आत जाईल ते तिथे ठरवू.