तळ्यावरच्या पाखरांची हजेरी

शाळेत सहलीचा विषय निघाला की समुद्रकिनारा, देवळे आणि किल्ले हीच नावे पुढे येतात. तिसवाडीतले करमळीचे तळे कोणाला आठवत नाही. माझ्या मते आपल्या शाळेने दरवर्षी जानेवारीत तिथे जावे, आणि नुसते पाहून न परतता पक्षी मोजून यावे.

शेतीच्या पाण्यासाठी राखलेल्या या तळ्यावर शिट्टीसारखा आवाज काढणारी अडई, जांभळी पाणकोंबडी, पाणकावळा, वंचक दिसतात. लांब बोटांमुळे कमळपक्षी तरंगत्या पानांवर सहज चालतो. त्याच्यात अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे नराचे काम! थंडीत हिमालयापलीकडून तलवार बदक आणि भुवई बदक येतात.

मोजायचे कशासाठी? २०२२ मध्ये कुडचड्याचे नंदा तळे गोव्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. रामसर कराराचे काही निकष सरळ आकड्यांचे आहेत: नियमितपणे २०,००० पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या १ टक्का. म्हणजे तळे वाचवायचे तर प्रेमाबरोबर नोंदी हव्यात. गाळ साचला, जलपर्णी माजली, भराव पडला, तर पक्षी घटले हे आपण कशाच्या आधारावर सांगणार?

मुले काही तज्ज्ञ नाहीत, असे कोणी म्हणेल. खरे आहे. म्हणून आठच जाती घ्याव्यात. जागा, वेळ आणि पद्धत दरवर्षी तीच ठेवावी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीतच होते, म्हणून आपणही तोच महिना धरावा. आवाज न करता, काठावरूनच मोजावे.

विश्वस्तांना विनंती, की स्नेहसंमेलनाच्या खर्चातून दोन दुर्बिणी आणि मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ घ्यावा. पालकांना विनंती, की एका रविवारच्या सकाळी शिकवणीला सुट्टी द्यावी. आणि विद्यार्थिमित्रांनो, पुस्तकातली मराठी नावे शिकाच. पण घरी आजी-आजोबांना या पाखरांची गावातली कोंकणी नावेही विचारा आणि नोंदवहीत लिहा. ती नावे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

शाळेत रोज हजेरी होते, म्हणूनच कोण आले नाही हे कळते. तळ्यावरही ती घेऊ या.