भुलीत 'मी' कुठे जातो?

ऑपरेशन झाल्यावर तुम्ही विचारता, "डॉक्टर, तेवढा वेळ मी कुठे होतो?" १८४६ साली बोस्टनमध्ये ईथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून आम्ही जाणीव घालवतो आणि परत आणतो. औषधाने मेंदूच्या भागांमधला संवाद तुटतो, एवढं कळलंय. त्यातून 'मी' कसा उभा राहतो, ते अजून उमगलेलं नाही.

या रिकाम्या जागेत कुणी चमत्कार विकू लागला, तर माझा विरोध आहे. पण बोरी अरबसारख्या गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसणाऱ्यांना मी हसत नाही. ग्रामगीता लिहिणाऱ्या तुकडोजी महाराजांनाही कॅन्सर झाला होता. १९६८ साली ते गेले. कशासाठी जगायचं, हे माझ्या मॉनिटरवर दिसत नाही. प्रार्थनेला जरूर बसा, बीपीची गोळी मात्र चुकवू नका. आणि हो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना खर्रा किती खाता, ते खरं सांगा.