फेकणाऱ्याचं नाव लिहा

रविवारी शेलूबाजारात हरभरा निघालेल्या वावरात टेनिस बॉलची मॅच झाली. शेवटच्या ओव्हरला सहा धावा हव्या होत्या. डीप मिडविकेटच्या पोट्ट्यानं धुऱ्याजवळ चेंडू उचलला, एक पाऊल टाकलं आणि सपाट फेक केली. ढेकळावर एक टप्पा आणि चेंडू थेट स्टंपात. दुसऱ्या धावेला निघालेला जमलेला फलंदाज हातभर मागे राहिला. मॅच तिथंच फिरली. नंतर वही मागून पाहिली, तर फलंदाजाच्या नावापुढे एकच शब्द: रनआऊट. कुणी केला, ते नाही. बक्षीस सर्वांत जास्त धावा करणाऱ्याला गेलं.

हे गाऱ्हाणं तुमच्या ओळखीचं आहे. पण एकनाथ सोलकरांचे २७ कसोटींतले ५३ झेल आपल्याला पाठ का आहेत? झेलापुढे झेलणाऱ्याचं नाव लिहितात म्हणून. धावफलकात धावबादपुढे मात्र वर्षानुवर्षं कुणाचंच नाव नसे.

बेसबॉलवाल्यांनी ही चूक केली नाही. तिथं उजव्या कोपऱ्यातल्या क्षेत्ररक्षकाला तिसऱ्या बेसपर्यंत सर्वांत लांब फेकावं लागतं, म्हणून जोरकस हाताचा गडी तिथंच उभा करतात. त्याच्या फेकीवर धावणारा बाद झाला की त्याच्या नावावर एक ‘असिस्ट’ चढतो. फिलाडेल्फियाच्या चक क्लाइननं १९३० च्या एका मोसमात असे ४४ असिस्ट मिळवले. पिट्सबर्गच्या रॉबर्टो क्लेमेंटेचा सर्वोत्तम मोसम १९६१ चा, २७ असिस्टचा. मग क्लाइनचा हात मोठा? नाही. फिलाडेल्फियाच्या मैदानाची उजवी भिंत जेमतेम २८० फुटांवर, म्हणजे ८५ मीटरवर होती. क्लाइन पुढे उभा राहायचा, भिंतीला लागलेला चेंडू लगेच हाती यायचा, फेक आखूड पडायची. क्लेमेंटे मोठ्या मैदानावर १८ मोसम खेळला, त्याचे एकूण असिस्ट २६६. चेंडू त्याच्या हाती गेला की धावणारे बेसवरच थबकत, आणि थबकलेला माणूस बाद होत नाही. त्याचा खरा धाक आकड्याबाहेरच राहिला. तरी क्लाइनचा आकडा लिहिलेला होता, म्हणून तर आज त्यावर वाद घालता येतो. आपल्या वहीत वादालाही जागा नाही.

जामठ्याचं घ्या. फेब्रुवारी २०२५, रणजी फायनल, विदर्भ विरुद्ध केरळ. दानिश मालेवारचे १५३, करुण नायरसोबतची २१५ धावांची भागी, नायरचे ८६, सगळं आपल्याला आठवतं. ती भागी कुणी फोडली? केरळच्या रोहन कुन्नुम्मलच्या फेकीनं. नायर धावबाद झाला. विदर्भाला पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी मिळाली आणि अनिर्णित सामन्यात तिच्यावरच करंडक आला. ती भागी अजून तासभर चालती तर केरळ आघाडीच्या इतकं जवळ आलंच नसतं. फेक आपल्याविरुद्ध होती, तरी तिचं मोल मान्य करावंच लागतं.

आणि माझं जुनं मत पुन्हा सांगतो: आपल्या भागातली ज्वारी गेली आणि पोट्ट्यांचे खांदे गेले. माळ्यावर उभं राहून गोफणीनं दिवसभर पाखरं हाकलणाऱ्या हाताला नेम शिकवावा लागत नसे. सोयाबीनला पाखरांपासून तशी राखण लागत नाही, माळे मोडले. पुरावा विचाराल तर माझ्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं, एवढाच. म्हणूनच रविवारची ती फेक पाहून मी जागेवरून उठलो.

गावोगावच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं मागणं साधं आहे. रनआऊटपुढे फेकणाऱ्याचं नाव लिहा. फेकीच्या धाकानं फलंदाज अर्ध्यातून परत फिरला, तर त्याच नावापुढे एक टिंब द्या. मोसम संपला की टिंबं मोजा, मग बक्षीस ठरवा. रविवारच्या वहीत त्या शब्दापुढे दोन बोटं जागा कोरी होती. पोट्ट्याला बोलावून नाव विचारलं आणि तिथंच लिहून टाकलं. तो वाकून बराच वेळ ते वाचत उभा होता.