पिंजऱ्यातले बिबटे मोजून काय कळतं?

दिवाळीच्या सुट्टीत आजोळी, वडगाव रासाईला गेले होते. माळ्यावर मामांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आहेत. वेताळ, मँड्रेक, बहादूर सगळे त्यात. शाळेत असताना मामा ते दौंड स्टेशनवरच्या बुक स्टॉलवरून आणायचे. यंदा ती पेटी खाली काढली माझ्या मामेभावाने. तो शिरूरला एसवायला आहे आणि 'रद्दीतल्या कॉमिकने बनवलं लखपती' छापाचे व्हिडिओ बघत असतो. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "ताई, हे बघ! अमेरिकेतल्या कंपनीच्या यादीत आपल्या अंकाची नोंदच नाही. पॉप्युलेशन झिरो! म्हणजे अख्ख्या जगात फक्त आपल्याकडे."

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "मग किती येतील गं याचे?"

मला हसू आलं नाही. कारण असाच एक आकडा बघून मी स्वतःचे साडेसात हजार रुपये अडकवून बसले आहे.

आकडा येतो कुठून?

ज्यांना हा प्रकार नवीन आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सारासोटा इथं सीजीसी नावाची कंपनी आहे. २००० सालापासून ती कॉमिक्सना ग्रेड देते. तुम्ही तुमचा अंक पैसे भरून त्यांच्याकडे पाठवायचा. ते पानं, कव्हर, कडा, पिना तपासतात, ०.५ ते १० यांच्यामधला एक ग्रेड देतात आणि अंक कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून परत पाठवतात. या डबीला म्हणतात स्लॅब. अंकाची डागडुजी झालेली असेल तर लेबल जांभळं, नसेल तर साधारणपणे निळं.

कोणत्या अंकाच्या किती प्रती आल्या आणि त्यातल्या कितींना कोणता ग्रेड मिळाला, याची यादी कंपनी सगळ्यांसाठी खुली ठेवते. तिला सेन्सस म्हणतात. पोकेमॉन कार्ड जमवणाऱ्यांना हेच 'पॉप रिपोर्ट' म्हणून माहीत असेल. कल्पना चांगलीच आहे. विकणारा प्रत्येक जण 'रेअर आहे, घेऊन टाक' म्हणतो. त्याच्या शब्दासमोर ठेवायला आपल्याकडे निदान एक आकडा असतो.

माझी चूक झाली ती हा आकडा वाचताना. इंटर्नशिपचे पहिले दोन स्टायपेंड जमा झाले होते. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे एका नव्या कॉमिकची वेगळ्या कव्हरची प्रत होती, ग्रेड ९.८. 'जगात फक्त ६ प्रती' असं लिहिलेलं. मी हुशारी करून सेन्सस तपासला. खरंच ६! लगेच पैसे पाठवले. आठ महिन्यांनी सहज बघितलं, तर ६ चे ४१ झाले होते. तीच प्रत आता निम्म्या किमतीला मिळते. विक्रेता खोटं बोलला नव्हता. त्या दिवशी तो आकडा खरा होता. पण अंक बाजारात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि बाकीच्यांचे अंक अजून पोस्टातच होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

उसातला हिशोब

आता पुन्हा गावाकडे येते, कारण हा सगळा घोळ मला तिथं नीट कळला. वडगाव रासाई भीमेच्या काठावर आहे. चहूकडे ऊस, आणि उसात बिबट्या. दिवस मावळला की शेताच्या कडेने एकटं कुणी जात नाही. तक्रार आली की वनखातं पिंजरा लावतं आणि कधीतरी बातमी येते की अमक्या गावात बिबट्या जेरबंद.

समजा, एका गावात वर्षभरात चार बिबटे पकडले गेले आणि शेजारच्या गावात एकही नाही. मग शेजारच्या गावात बिबट्या नाही असं तुम्ही म्हणाल का? पहाटे तिथं दूध घालायला जाणाऱ्या माणसाला विचारा. तिथं पिंजराच लावलेला नसेल! पकडलेल्या बिबट्यांचा आकडा पिंजरे कुठं लावले, किती दिवस ठेवले, तक्रार कुणी केली, यावर ठरतो. उसात एकूण किती आहेत, ते त्यातून कळत नाही. शिवाय सोडलेला बिबट्या पुन्हा सापडला तर तो दोनदा मोजला जायचा. जुन्नर भागात पकडलेल्या बिबट्यांना मायक्रोचिप बसवल्या गेल्या, त्या असा पुन्हा सापडलेला ओळखता यावा म्हणूनच.

सेन्सस अगदी असाच आहे. जगात किती प्रती उरल्यात, ते तो सांगत नाही. किती प्रती पिंजऱ्यात आल्या, तेवढंच सांगतो. आणि इथंही दोनदा मोजणी होते. ९.६ ग्रेड मिळालेला माणूस कधीकधी डबी फोडून, अंक थोडा दाबून सरळ करून ९.८ च्या आशेने पुन्हा पाठवतो. जुनं लेबल त्याने परत केलं नाही, तर यादीत एकाच अंकाच्या दोन नोंदी राहतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आकडा जरूर बघा, पण त्याला तीन प्रश्न विचारल्याशिवाय खिशात हात घालू नका.

पहिला प्रश्न : पिंजरा लावून किती दिवस झाले?

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा, सगळ्यांना हवा असलेला अंक असेल आणि गेली वीस वर्षं लोक तो ग्रेडिंगला पाठवत असतील, तर त्याच्या आकड्यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. गेल्या वर्षी छापलेल्या अंकाचा आकडा म्हणजे मतमोजणीच्या पहिल्या फेरीचा कल. एकदा बघून थांबू नका. आज लिहून ठेवा, दोन महिन्यांनी परत बघा. आकडा किती वेगाने फुगतोय, ते खरं कामाचं. तो कमी होणं जवळजवळ अशक्य. वाढतच जाणार.

दुसरा प्रश्न : पाठवलं कुणी आणि काय?

१९९१ साली मार्व्हलच्या 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक आला. पाच वेगवेगळी कव्हरं आणि ८१ लाखांहून जास्त प्रती. गिनीज बुकात नोंद झाली. पुढे हे सोन्याच्या भावाने विकू, या आशेने लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले. सगळ्यांनीच जपल्यामुळे तो कधी दुर्मिळ झालाच नाही. काही वर्षांत अमेरिकेतला कॉमिक्सचा बाजार कोसळला आणि १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली.

अशा नव्या अंकांच्या यादीत वरच्या ग्रेडची गर्दी दिसते. कारण सरळ आहे. ५ ग्रेड मिळेल असा नवा अंक कोण कशाला पैसे भरून पाठवेल? जुन्या अंकांचं उलटं. तिथं वरचे ग्रेड मोजकेच, म्हणून ६ सुद्धा मानाचा. याचा उपयोग करून घ्या. एखाद्या अंकाच्या ९.८ च्या हजारो प्रती असतील, तर तुमच्याकडचा ९.२ चा अंक ग्रेडिंगला पाठवण्यात अर्थ नाही. तो खर्च कधीच निघणार नाही. निर्णयाला आकडा खरा उपयोगी पडतो तो असा, काय घेऊ नये आणि काय पाठवू नये ते सांगायला.

तिसरा प्रश्न : हवाय कुणाला?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळे विसरतात तो हाच. जून १९३८ चा 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, त्याच्या शंभरच्या आसपास प्रती उरल्या असाव्यात असं मानतात. १० सेंटला मिळणारा तो अंक. त्याची ८.५ ग्रेडची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला, म्हणजे साधारण ५० कोटी रुपयांना गेली. १९७४ चा 'हल्क'चा १८१ वा अंक घ्या. त्यात वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण गोष्टीभर आहे. त्याच्या ग्रेड झालेल्या प्रती हजारोंनी आहेत, तरी वरच्या ग्रेडच्या प्रतीला लोक लाखो रुपये मोजतात. का? कारण हवा असणारे त्याहून जास्त आहेत. आणि ज्या अंकाची जगात एकच नोंद आहे, पण दुसऱ्या कुणाला तो नकोच आहे, त्याला काय किंमत येणार? माझ्या अकरावीच्या जर्नलचीसुद्धा जगात एकच प्रत आहे.

यावर काही मित्र म्हणतात, "आकडे कशाला बघायचे? आवडतं ते घ्यावं." अर्धं पटतं. पण आपल्यातल्या बहुतेकांचे पैसे मेसचे, बसपासचे नाहीतर घरून आलेले असतात. आवडीने घेतलं तर अडीचशे रुपयांची पेपरबॅक प्रतही तितकाच आनंद देते. त्याच गोष्टीसाठी साडेसात हजार मोजतो, तेव्हा आपण गोष्ट घेत नसतो, आकडा घेत असतो. मग तो वाचता आलाच पाहिजे.

मामांची पेटी

तर मामेभावाच्या त्या झिरोचा अर्थ काय? आपल्या गावात पिंजराच लागलेला नाही, एवढाच.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये मुंबईहून टाइम्स ऑफ इंडिया समूहाने सुरू केलं. पहिल्या अंकात वेताळ होता, किंमत ६० पैसे. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, चंबळच्या डाकूंशी लढणारा आपला देशी नायक. १९९० मध्ये हे सगळं बंद पडलं, तोवर आठशेच्या आसपास अंक निघाले होते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते निघत. पण ते जपायला कुणी घेत नव्हतं, वाचायलाच घेत होते. एक अंक आळीतली दहा पोरं वाचायची. वाचनालयं सात-आठ अंक एकत्र शिवून, कडा कापून बाइंडिंग करायची. उरलेले किलोवर रद्दीत जायचे. आजही असा अंक अमेरिकेला पाठवायचा, तर जाण्यायेण्याचा आणि ग्रेडिंगचा खर्च अंकाच्या किमतीच्या पुढे जाण्याचीच शक्यता जास्त. मग पाठवणार कोण? यादीतल्या त्या शून्यावरून अंक किती दुर्मिळ ते ठरत नाही. त्यात टपालखर्चाचा वाटा जास्त.

मामांना मी हे सगळं सांगितलं. मग आम्ही तिघांनी ओसरीवर बसून पेटीतले अंक मोजले. एकूण ६४. कव्हर नसलेले ११. पिना गंजलेले तर जवळपास सगळेच. दोन अंकांना कसर लागलेली. नऊ अंकांवर बॉलपेनने मामांचं नाव आणि 'इयत्ता ७ वी ब'. ग्रेड देणारा यासाठी गुण कापेल, आणि त्याच्या नियमाने ते बरोबरच आहे. मामी म्हणाल्या, "रद्दीवाला तीनदा मागून गेला. मीच दिले नाहीत." या पेटीची राखण कुणी केली, ते तेव्हा कळलं.

भाऊ जरा हिरमुसला. पण वहीत यादी त्यानेच केली. अंक क्रमांक, नाव, भाषा, छापील किंमत, कव्हर आहे की नाही, पानं पूर्ण की नाहीत. आणि माझी तुम्हाला विनंती आहे ती हीच. मराठी कॉमिक्स किती उरली, कुठल्या अवस्थेत, कुणाच्या माळ्यावर, हे परदेशातली कुठलीही कंपनी आपल्यासाठी मोजणार नाही. आपल्या आजोळच्या पेट्या आपल्यालाच उघडाव्या लागतील. 'अमर चित्र कथा' सापडली तर जास्त काळजीने बघा. तिचे अंक पुन्हा पुन्हा छापले गेलेत. सुरुवातीचा 'कृष्ण' हा ११ क्रमांकाचा अंक हातात आला, म्हणजे पहिली आवृत्ती सापडली असं नाही. छापील किंमत आणि आतला मजकूर नोंदवून ठेवा.

विकायचं की ठेवायचं, ते नंतर ठरवा. आधी मोजा. दिवाळीची साफसफाई असो की घर बदलणं, माळा रिकामा करायची वेळ येतेच, आणि रद्दीवाला ग्रेड बघत नाही, काटा बघतो. त्याच्या आधी तुम्ही पोचा.