दिल्लीचे गृहखाते आणि तालुक्याचे ठाणे

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी येथे एसटीची बस पेटवण्यात आली. शेजारच्या अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली, जिल्ह्यातली एसटी वाहतूक थांबली. जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांतले इंटरनेट काही तास बंद राहिले. त्याआधी सहा महिने, १ सप्टेंबर २०२३ रोजी, अंबड तालुक्यातल्याच अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी बसलेल्या उपोषणकर्त्यांच्या मंडपाजवळ लाठीमार झाला होता. आंदोलक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले आणि राज्याच्या गृहमंत्र्यांनी जाहीर क्षमा मागितली.

अंतर्गत सुरक्षेची चर्चा सुरू झाली की आपल्या नजरा दिल्लीतल्या केंद्रीय गृहमंत्रालयाकडे वळतात. वरच्या घटनांकडे मात्र पोलीस म्हणून पाहावे. लाठी उचलण्याचा निर्णय घटनास्थळी झाला, संचारबंदीचा जिल्हाधिकाऱ्यांनी घेतला, तर इंटरनेट बंद करण्याचा अधिकार राज्याच्या गृहविभागाकडे होता. यातला एकही निर्णय केंद्रीय गृहमंत्रालयाचा नव्हता, आणि राज्यघटनेलाही हेच अभिप्रेत आहे. सातव्या परिशिष्टात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘पोलीस’ हे राज्यसूचीतले पहिले दोन विषय आहेत. केंद्रावर अनुच्छेद ३५५ ने जबाबदारी टाकली आहे ती राज्यांचे परचक्रापासून आणि अंतर्गत अशांततेपासून रक्षण करण्याची. रक्षण करणे आणि राज्याचे काम स्वतःच्या हाती घेणे यांतली सीमारेषा कुठे आहे, हे आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला स्पष्ट असले पाहिजे.

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. १९४८ साली हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजामसमर्थक रझाकारांच्या अत्याचारांनी गावे हैराण झाली होती. गृह आणि संस्थाने ही दोन्ही खाती सरदार पटेलांकडे होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. कारवाई लष्कराची होती, पण नाव दिले गेले पोलीस कारवाईचे. लष्करी काम पाच दिवसांत आटोपले. गावे मात्र पाच दिवसांत सुरक्षित झाली नाहीत. कारवाईनंतर संस्थानाच्या अनेक भागांत मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. त्याची चौकशी करायला दिल्लीला पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवावी लागली. शस्त्रबळाने सत्ता बदलते, पण शेजाऱ्यापासून शेजाऱ्याला संरक्षण द्यायला विश्वासातले, जागेवर उभे असलेले नागरी पोलीस दल लागते. ते नव्हते, म्हणून निरपराधांचे जीव गेले.

त्या अनुभवानंतर केंद्राने बरेच काही उभे केले. भारतीय पोलीस सेवेचे संवर्ग नियंत्रण गृहमंत्रालयाकडे आहे. म्हणजे जालन्याचे पोलीस अधीक्षक राज्याच्या हुकमाखाली काम करत असले, तरी त्यांची सेवा अखिल भारतीय आहे. केंद्रीय राखीव पोलीस दल आणि त्याचे शीघ्र कृती दल राज्याने मागणी केल्यावर मदतीला येतात. शीघ्र कृती दलाची एक बटालियन नवी मुंबईत तळोजा येथे आहे. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास संस्था स्थापन झाली आणि गुप्तवार्तांच्या देवाणघेवाणीसाठी असलेले मल्टी एजन्सी सेंटर बळकट केले गेले. गुन्हे आणि गुन्हेगारांच्या नोंदींच्या सीसीटीएनएस प्रणालीने देशभरातली ठाणी एका जाळ्यात आणली. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आला. १ जुलै २०२४ पासून तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले.

ही सगळी यंत्रणा मोलाची आहे. पण तिला लागणारा कच्चा माल तालुक्याच्या ठाण्यातूनच येतो. राष्ट्रीय तपास संस्था कायद्याचे कलम ६ उघडून पाहावे. अनुसूचित गुन्ह्याची नोंद झाली की ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने अहवाल तत्काळ राज्य शासनाला पाठवायचा, राज्याने तो केंद्राला पाठवायचा आणि तपास संस्थेकडे द्यायचा की नाही हे केंद्राने पंधरा दिवसांत ठरवायचे. केंद्र स्वतःहूनही तपास हाती घेऊ शकते. भीमा कोरेगाव प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये केंद्राने तपास स्वतःच्या संस्थेकडे घेतला, तेव्हा राज्य सरकारने जाहीर नाराजी व्यक्त केली होती. असे अधिकार वापरताना राज्याला विश्वासात घेण्याची रीत पाळली गेली, तरच खालच्या अधिकाऱ्याला आपण एकाच यंत्रणेचे भाग आहोत असे वाटेल.

इंटरनेटबंदीचेही तसेच. २०१७ च्या नियमांनी हा अधिकार केंद्रीय किंवा राज्याच्या गृहसचिवांना दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमांनीही तो जिल्ह्याकडे दिलेला नाही. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू शकत नाही. आदेशाला कारणे लागतात. ती कारणे मंत्रालयात बसून सुचत नाहीत. ती ठाण्याच्या आणि अधीक्षक कार्यालयाच्या अहवालातून येतात. ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता’ एवढ्या एका ठरावीक वाक्यावर तीन जिल्ह्यांतल्या बँका, बाजार समित्या आणि विद्यार्थी यांना वेठीस धरता येणार नाही. कुठल्या गावात, कुठल्या मजकुरामुळे, किती वाजता काय घडण्याची भीती आहे, हे अहवालात असायला हवे.

ते येते कुठून? गोपनीय अंमलदार बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर काय ऐकतो, बीट अंमलदार पोलीस पाटलाशी किती वेळ बोलतो, शांतता समितीच्या बैठकीला खरोखर कोण येते, यातून. ही माहिती जिल्हा विशेष शाखेकडे, तिथून राज्य गुप्तवार्ता विभागाकडे आणि गरज पडल्यास केंद्राकडे जाते. जाण्याची वाट पक्की आहे. परतीची वाट कच्ची आहे. ज्या अंमलदाराने खबर दिली त्याला तिचे पुढे काय झाले, ती उपयोगी पडली की नाही, हे बहुधा कळत नाही. मग पुढची खबर ‘निरंक’ अशी जाते. केंद्रीय गृहमंत्रालयाने गुप्तवार्तांच्या जाळ्यावर आणखी खर्च करण्याआधी ही परतीची वाट बांधावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तपासाबाबतही तेच. ऑगस्ट २०२२ मध्ये घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ या समर्थ रामदासांच्या जन्मगावातून राममंदिरातल्या पुरातन मूर्ती चोरीला गेल्या. पुढे जालना पोलिसांनी त्या शोधून काढल्या. चोराला जिल्ह्याची हद्द माहीत नसते, म्हणून देशव्यापी नोंदी हव्यातच. पण नोंद भरणारा अंमलदार घाईत अपुरी माहिती टाकत असेल, तर देशव्यापी जाळेही रिकामेच राहते. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष सोडले. निकालात ओळख परेडपासून जप्त मुद्देमालाच्या सीलपर्यंतच्या त्रुटींवर बोट ठेवले आहे. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे. पण धडा आजच घेण्यासारखा आहे: देशाला हादरवणारा खटलासुद्धा सीलवर आणि पंचनाम्यावर तगतो किंवा कोसळतो.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट आणि सर्वच गुन्ह्यांत झडतीचे चित्रीकरण यांना कायद्याचे रूप दिले. कायदा केंद्राने केला, अंमलबजावणी राज्याच्या गळ्यात पडली. तालुक्याला पथक वेळेत पोहोचायचे तर वाहन, तज्ज्ञ, साठवणुकीची सोय आणि प्रशिक्षण यांचा पैसा कायद्याबरोबरच यायला हवा. पोलीस आधुनिकीकरणाच्या योजनेत शस्त्रांआधी ठाण्यांचा विचार व्हावा. आणि राज्यांनीही हात झटकू नयेत: प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि बंदोबस्त वेगळे करण्याचा, ठाणेदाराला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ देण्याचा आदेश दिला. दर आंदोलनानंतर अधिकारी हलवण्याने लोकांचा राग तात्पुरता शमतो, पण तालुका ओळखणारा माणूसही जातो.

वाचकांपैकी बरेच जण ठाण्यात, अधीक्षक कार्यालयात किंवा सरकारी वकिलांच्या दालनात काम करतात. आपल्या हातातले काम आपण आजपासून करू शकतो. स्टेशन डायरी घडले त्या वेळी भरा. पोलीस पाटलाला सणावारापुरते न बोलावता महिन्याला भेटा. आंदोलकांशी पहिली चर्चा ठाणेदाराने स्वतः करावी, शेवटचा उपाय म्हणून बळ वापरावे लागले तर त्याचे कारण लेखी ठेवावे. गृहमंत्रालयाने ठाण्याला बळ द्यावे, राज्याने त्याला स्थैर्य द्यावे आणि ठाण्याने लोकांचा विश्वास कमवावा. देशाची अंतर्गत सुरक्षा या क्रमानेच उभी राहील.