गॅस संपत नसतो

मोटारीच्या एसीमधील गॅस पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही, ही साधी गोष्ट पुष्कळ सुशिक्षित मोटारमालकांच्याही ध्यानी येत नाही. चैत्र उजाडला की ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या गॅरेजांत एकच वाक्य ऐकू येते, ‘‘मिस्त्री, थंड होत नाही, जरा गॅस भरून द्या.’’ गॅस भरला जातो, दोन महिने सुखाचे जातात, पाऊस सुरू होतो आणि विषय मागे पडतो. पुढच्या चैत्रात पुन्हा तेच. वस्तुतः हा गॅस बंद वर्तुळात फिरत असतो. नव्या गाडीतही रबरी नळ्यांतून तो वर्षाकाठी किंचित झिरपतो. परंतु एका उन्हाळ्यात रिकामा होत असेल, तर कोठेतरी गळती आहे हे निश्चित.

बँकेत आम्ही असली खाती पाहिली आहेत. थकलेल्या कर्जदारास नवे कर्ज द्यायचे आणि त्यातूनच जुने व्याज वळते करून खाते नियमित दाखवायचे. कागद स्वच्छ दिसतो, मुद्दल मात्र बुडतच असते. गळती न शोधता गॅस भरणे त्याच जातीचे.

माझे एक स्नेही डोंबिवलीला राहतात. प्रीमियर ऑटोमोबाइल्स म्हटले की आपल्याला कुर्ल्याचा कारखाना आणि पद्मिनी आठवते; पण नव्वदच्या दशकात डोंबिवलीजवळच्या त्यांच्या कारखान्यात प्यूजो ३०९ ही फ्रेंच गाडीही तयार होत असे, याचे डोंबिवलीकरांस आज विस्मरण झाले आहे. स्नेह्यांकडे मात्र त्याच कंपनीची ११८ एनई आहे. १९८५ साली बाजारात आलेल्या या गाडीचा सांगाडा फियाट १२४चा आणि इंजिन निस्सानचे, ११७१ सीसीचे. एवढ्या लहान इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार पडला की चढावर गाडी दमते, हे सांगतानाही त्यांच्या स्वरात कौतुकच असते.

सलग चार उन्हाळे गॅस भरून झाल्यावर यंदा त्यांनी गळती शोधण्याचे ठरविले. प्रथम एक गैरसमज दूर करतो. गाडीखाली पडणारे पाणी ही गळती नव्हे. हवेतील बाष्प थंड होऊन ते बाहेर पडते व पडलेच पाहिजे. तेच पाणी आत, पुढच्या आसनाच्या पायपुसण्यावर साचू लागले, तर निचऱ्याची नळी तुंबलेली असते. तिचा गॅसशी संबंध नाही. गॅसच्या गळतीची खूण निराळी. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. म्हणून जेथून गॅस सुटतो, तेथे तेलकट डाग पडून त्यावर धूळ बसते.

मिस्त्रींनी वर्तुळात कोरडा नायट्रोजन दाबाने भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. (टायरची हवा भरू नये, तिच्यातील दमटपणा आत राहतो.) कंडेन्सरमागच्या जोडावर बुडबुडे आले. ती रबरी कडी अवघी काही रुपयांची! दुसरी गळती कॉम्प्रेसरच्या दांड्यावरील सीलमध्ये निघाली. वापर नसला की हे सील कोरडे पडून आक्रसते, म्हणून थंडीपावसाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा. सील मिळविण्यात तीन आठवडे गेले. त्या काळात नव्या गाडीची जाहिरात स्नेह्यांच्या चिरंजीवांनी त्यांना रोज दाखविली. एव्हॅपोरेटर सुदैवाने शाबूत होता. नाहीतर सारा डॅशबोर्ड उतरवावा लागला असता.

खरा प्रश्न यानंतरचा. या गाडीत मुळात आर-१२ हा गॅस होता. क्लोरीनयुक्त असले वायू ओझोनच्या थरास मारक ठरतात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली मांडले. १९८७ साली माँट्रियल करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला आणि २०१० पासून आपल्याकडेही हा गॅस बंद झाला. आर-१२चा एक किलो वातावरणास जितका तापवितो, तितके तापविण्यास दहा हजार किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड लागेल. म्हणून उरलासुरला गॅस नळी सैल करून हवेत सोडू नये, यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. स्नेह्यांनी यासाठी दोन गॅरेजे पालटली. ‘‘काका, एवढ्याशा गॅसने काय होतंय?’’ असे एका ठिकाणी विचारले गेले. एवढ्याशा गॅसचा हिशेब कोणीच ठेवीत नाही, हीच तर अडचण आहे. आणि नवा आर-१३४ए हाही निर्दोष नव्हे. ओझोनला तो अपाय करीत नाही, पण तापविण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट आहे. तेव्हा गळती ठेवून तो भरणेही योग्य नाही.

जुन्या वर्तुळात नवा गॅस तसाच भरून चालत नाही. जुने खनिज तेल त्यात मिसळत नाही. ते काढून एस्टर तेल घालावे लागते. ड्रायर बदलावा, सर्व रबरी कड्या नव्या गॅसला चालणाऱ्या घ्याव्यात आणि जुन्या नळ्याही तपासाव्यात, कारण नव्या गॅसचे रेणू लहान असल्याने ते त्यांतून अधिक झिरपतात. काही ठिकाणी स्वस्त म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वलनशील वायू भरतात. एव्हॅपोरेटर प्रवाशांच्या पायांशी असतो, हे लक्षात घेता मी तरी अशा गाडीत बसणार नाही.

मिस्त्रींनी पंप लावून वर्तुळ निर्वात केले, पंप बंद केला आणि अर्धा तास काट्याकडे पाहत बसले. काटा हलला नाही. मगच गॅस भरला, तोही तोलून, मूळ मापाच्या सुमारे ८५ टक्के. स्नेह्यांनी बॉनेटच्या आतील बाजूस एक चिठ्ठी चिकटविली आहे : गॅसचे नाव, तेलाचा प्रकार, वजन आणि तारीख.